गाडी थंड होईपर्यंत

मुरूड, ११ नोव्हेंबर २०२४

भाऊ,

नमस्कार. पूर्ण मायना लिहायला बसले तर डोकं शांत होईल, आणि मला ते इतक्यात शांत करायचं नाही. तू वडील भाऊ आहेस, चालवून घे.

तुझा भाचा माझ्यापासून काहीतरी लपवतोय. हे मी फोनवरून मेसेज करून कळवलं असतं. पण फोन सलिलनेच आणला, त्यानेच लावून दिला, आणि त्यात काय येतं-जातं ते त्याला दिसतं की नाही, देव जाणे. बोलायचं म्हटलं तर माझे दोन्ही कान गेलेले. म्हणून कागद. सखुबाई वाडीतून घरी जाताना पत्र पेटीत टाकेल. तुझं उत्तर दुपारच्या टपालाने येतं, तेव्हा सलिल म्हसळ्याला शाळेत मुलांना गणित शिकवत असतो.

झालंय असं. त्याने गाडी घेतली ती तुला ठाऊक आहे. तुलाच विचारून घेतली. रोज सकाळी आगरदांड्याला जातो, गाडी फेरीवर चढवून दिघीला उतरतो, तिथून म्हसळा. संध्याकाळी त्याच वाटेने परत. इथवर ठीक. पण परत आल्यावर हा गाडीतून उतरत नाही. काचा बंद करून आत बसून राहतो. मी ओटीवर चहा घेऊन उभी, चहाचं पाणी होतं, तरी दार उघडत नाही. सकाळीही तेच. डबा घेतो, गाडीत बसतो आणि जात नाही. संध्याकाळचं विचारलं तर म्हणाला, "टर्बो आहे आई, थंड करावी लागते." सकाळचं विचारलं तर म्हणाला, "गरम करावी लागते." म्हणजे गाडी आहे की तान्हं बाळ?

घरात त्याचं लक्ष नाही. लहान होता तेव्हापासून कुकरपुरता तोच माझा कान. शिट्टी झाली की बोट वर करायचा. अजूनही सुट्टीच्या दिवशी स्वयंपाकघरात पेपर घेऊन बसतो. परवा असाच बसला होता. माझी नजर त्याच्या बोटाकडे, बोट काही वर होईना. शेवटी वासावरून कळलं. डाळीचा कोळसा. मी म्हटलं, "कुठे हरवलायस?" तर चोरी पकडल्यासारखा कावराबावरा झाला आणि कुकर घासायला घेऊन गेला. आजवर कधी भांडं घासलं नव्हतं त्याने.

आता मला भीती कसली वाटते ते सांगते. शेजारच्या दिनानाथने वाडी मुंबईच्या पार्टीला विकली. जेसीबी आला आणि माड-पोफळी आडव्या झाल्या. आता तिथे पोहायचा तलाव बांधतायत, समुद्र हाकेवर असताना. हा दिनानाथ येता-जाता आमच्या बेड्यापाशी, फाटकातच, सलिलला गाठतो आणि हातवारे करत असतो. आमची वाडी माझ्या नावावर आहे, सही माझीच लागेल. पण एकुलत्या एका मुलाने मनात घेतलं तर म्हातारीची सही किती दिवस अडून राहणार?

हे गेल्यावर ही वाडी मी एकटीने राखली. एकेक माड मी ओळखते. त्यांच्यावर कुऱ्हाड पडायची असेल तर मला आधी कळायला हवं. तू जन्मभर ट्रेलर चालवलेस आणि पुढे दुसऱ्यांकडून चालवून घेतलेस. गाडी थंड करावी लागते हे खरं की थाप, एवढं मला सांग.

तुझी
प्रमोदिनी

*

उरण, १८ नोव्हेंबर

प्रमे,

आशीर्वाद आहेतच. तू मायना गाळलास म्हणून मी आशीर्वाद गाळणार नाही.

पत्र वाचून आधी हसलो. तुझा मुलगा थापा मारत नाही. गाडी थंड करायला मीच त्याला सांगितलं होतं. टर्बो म्हणजे काय ते समजून घे, म्हणजे डोक्यातला भुंगा जाईल. इंजिनातून जो तापलेला धूर बाहेर पडतो, तो फुकट न घालवता त्याच्यावर एक छोटं चाक फिरवतात. ते चाक इंजिनात जास्तीची हवा कोंबतं. त्या हवेने गाडीला जोर येतो. पण ते चाक भयंकर वेगाने फिरतं, भयंकर तापतं, आणि त्याचा दांडा ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. तू चूल विझवलीस तरी वरचं दूध लगेच खाली बसत नाही, उतू जायचं ते जातंच. तसंच इथे. घाट चढून, ताणून आणलेली गाडी आल्या आल्या बंद केली की ऑइल वाहायचं थांबतं, पण चाक लालबुंदच असतं. मग तिथलं ऑइल जळून त्याची काजळी धरते, आणि आज ना उद्या टर्बो गेला. म्हणून जरा वेळ गाडी नुसती चालू ठेवायची, मग बंद करायची. माझे ड्रायव्हर हे करायचे नाहीत आणि शिव्या खायचे.

तुला इंजिनाचा आवाज ऐकू येत नाही. तुला वाटतं हा नुसता बसलाय. अगं, गाडी चालू असते.

आता दुसरं. चहाचं पाणी होण्याएवढा वेळ थंड करायला लागत नाही हे मीही मान्य करतो. आणि सकाळी तर गरम करण्यासाठी उभं राहायचं कारणच नाही. चालू करायची, ऑइल सगळीकडे पोचेपर्यंत थोडं थांबायचं, आणि मग हळू चालवत चालवतच गरम करायची. म्हणून माझा अंदाज सांगतो: पोरगी. शाळेत नवी बाई आली असेल. हल्ली गाडीतच फोन जोडलेला असतो, हातात धरावा लागत नाही. चाळिशी जवळ आली तरी वाडीत राहणाऱ्याला कोणी मुलगी देत नाही म्हणून तूच रडत होतीस. आता जमत असेल तर जमू दे. काचेला नाक लावून बघू नकोस.

भाऊ

*

मुरूड, २६ नोव्हेंबर

भाऊ,

तुझं टर्बोपुराण दोनदा वाचलं. चुलीवरचं दूध कळलं. म्हणून मी परीक्षा घेतली.

संध्याकाळी तो आला, आत बसला. मी हिराची झाडू घेऊन आवार झाडत झाडत गाडीच्या मागे गेले आणि डिकीवर तळवा ठेवला. थरथरत होती. म्हणजे तुझं खरं, गाडी चालू होती. मला बरं वाटलं, तुला शंभर वर्षं आयुष्य चिंतलं, आणि झाडत राहिले. पुन्हा हात लावला तर थरथर बंद. गाडी थंड झाली, त्याने बंद केली. मग उतर ना बाबा! पण नाही. आत तसाच बसून. तुझा टर्बो थंड झाल्यावर मागे जे उरतं, ते काय आहे मला सांग.

मग मी पोफळीच्या आडून पुढून बघितलं. त्याने आतला आरसा खाली ओढून स्वतःकडे वळवला होता. मागून कोण येतंय ते बघायला असणार. आणि तो बोलत होता. फोन हातात नव्हता, पण तू म्हणालास तसा गाडीत जोडलेला असेल. भाऊ, लोकांना माझ्या कानांची कीव येते, पण माझे डोळे तुम्हा सगळ्यांच्या कानांपेक्षा तिखट आहेत. मी ओठ वाचते. सलिलला हे ठाऊक आहे, म्हणूनच तो घरात न बोलता काचेआड बोलतो. नाहीतर बहिरीपासून लपून बोलायची गरज काय?

मी वाचलं ते शब्दाला शब्द लिहिते. "माड पाड." मग थांबला. "मोल बोल."

पुन्हा तेच. माड पाड, मोल बोल. म्हणजे झाडं तोड आणि भाव सांग. पलीकडच्या माणसाला हा हुकूम सोडत होता. पोरीशी असं बोलतात का रे? त्यानंतर मीठ की पीठ असं काहीतरी वाण्याच्या यादीसारखं बोलला, ते मी सोडून दिलं. पहिलं वाचल्यावर माझं पुढे लक्षच नव्हतं.

सकाळचा प्रकार वेगळा. सकाळी गाडी चालू करतो, डोळे मिटतो, मान एका बाजूला कलती करतो आणि हात पुढच्या काचेखालच्या फळीवर ठेवून बसतो. देवाची क्षमा मागत असेल. सखुबाईनेही बघितलंय. मला म्हणाली, "दादाची गाडी पोरावानी रडते हाय, आनि दादा डोलं मिटून बसलाय. जप करतंय का काय?" तिला गाडीतलं काय कळतंय म्हणा. पण तिच्याही नजरेत आलं.

कुठेतरी पाणी मुरतंय, भाऊ. माझी झोप उडालीय. पोटचा पोर आणि मी त्याच्या मागे झाडू घेऊन हिंडते, याची मला लाज वाटते. पण वाडी जाण्याची भीती त्या लाजेहून मोठी आहे.

प्रमोदिनी

*

उरण, ३ डिसेंबर

प्रमे,

माझं पहिलं पत्र मागे घेतो. "माड पाड, मोल बोल" हे मलाही बरं दिसत नाही. इथे उरणात मी जमिनी जाताना पाहिल्या आहेत. आधी मुलगा गाडीत बसून बोलू लागतो, मग पाहुणे येतात, मग आई-बापापुढे कागद येतो. कशावरही सही करू नकोस. पेन्शनचा कागद म्हणाला तरी नको. मला दाखव, मग बघू.

तरी एक सांगतो, रागावू नकोस. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं तुझं ओठ वाचण्यात होतं कधी कधी. तुझे कान नुकते गेले होते तेव्हाचं आठव. मी जेवायला बसलो होतो, मीठ मागितलं, तर तू वाटीभर पीठ आणून पानाशेजारी ठेवलंस. मी म्हटलं, "अगं मीठ!" तर तू म्हणालीस, "पीठच आणलंय." सलिल केवढासा होता, तो हसून हसून पाटावरून पडला. पुढे त्याचा खेळच झाला तो. तुझ्यासमोर बसून आवाज न काढता शब्द टाकायचा आणि तू चुकलीस की टाळ्या. तेव्हा त्याच्या एवढं तुझ्याजवळ दुसरं कोणी नव्हतं. तोच आता काचेआड बोलतोय हे मनाला पटत नाही. पण माणसं बदलतात, आणि जमिनीचा भाव भल्याभल्यांना बदलतो.

मी येतो. करंजाहून लाँचने रेवसला उतरेन. सलिलला रेवसला गाडी घेऊन यायला सांगितलंय. गाडीत दोघंच असू. माझ्याशी नीट बोलला तर ठीक, नाहीतर मला ट्रेलरवाल्यांची भाषाही येते. तू तोवर गप्प राहा. चेहऱ्यावर काही दाखवू नकोस, तुझा चेहरा म्हणजे उघडं दुकान.

भाऊ

*

उरण, १९ डिसेंबर

प्रमे,

सुखरूप पोचलो. तुझ्या सांदणांनी पोट अजून जड आहे.

निघताना तू माझ्याकडे ज्या नजरेने बघत होतीस ती विसरलो नाही. तिथे दोन दिवस होतो आणि तुला एकांतात काही सांगितलं नाही, याचा तुला राग आला असणार. आता लिहितो. वाडी विकली जात नाहीये. दिनानाथ त्याला गाठतो हे खरं, पण तो दोन वाड्यांमधल्या पायवाटेवरून वाद घालत असतो. दुसरं काही नाही. विषय संपव.

गाडीचं मात्र तुझ्या कानावर, म्हणजे डोळ्यांवर घालतो. टर्बो गेलाय. रेवसच्या धक्क्यावर गाडीत बसलो तेव्हापासून शिट्टी ऐकतोय. जरा पाय दाबला की अशी बारीक, उंच शिट्टी मारते की कानात सुई घातल्यासारखं होतं. अलिबाग येईतो मी गप्प बसलो, म्हटलं पोरगं आपणहून बोलेल. शेवटी विचारलं, "अरे, ही शिट्टी कधीपासून?" तर म्हणतो, "कुठली शिट्टी, मामा?" आणि सारखा माझ्या तोंडाकडे बघत होता, रस्त्याकडे नाही. रेवदंड्याच्या पुलावर मी त्याला गाडी बाजूला घ्यायला लावली. जीव मुठीत घेऊन बसलो होतो.

टर्बो कशाने गेला ते लक्षात आलं. म्हसळ्याहून घाट उतरून दिघीला येतो तो फेरी सुटायच्या बेतात. गाडी पळवत आणायची, फेरीवर चढवायची, आणि तिथली माणसं चढल्या चढल्या इंजिन बंद करायला लावतात. घरी कितीही थंड केली तरी रोज धक्क्यावर ती जळतच होती. मी त्याला सांगितलंय, आधी पोच, धक्क्यावर उभी ठेव, निवू दे, मग चढव. इक्बालच्या गॅरेजात टाकायला सांगितलीय.

काळजी करू नकोस. पोर चांगलं आहे. थोडा धीर धर.

भाऊ

*

मुरूड, २७ डिसेंबर

भाऊ,

ताकाला जाऊन भांडं लपवणं तुला शोभत नाही.

मी तुला बोलावलं मुलाचं मन काढायला. तू आलास, सांदणं खाल्लीस, पोफळीखाली दोघांच्याही पाठी माझ्याकडे करून त्याच्याशी तासन्‌तास बोललास, म्हणजे मला कोणाचेच ओठ दिसू नयेत. आणि परत जाऊन मला गाडीच्या शिट्टीची गोष्ट लिहिलीस. त्याने तुला काय कबूल केलं? वाडीतला हिस्सा? तू फितलास, भाऊ. लहानपणी आंबे चोरून मला सालं द्यायचास, तसाच अजून आहेस.

मग मी ठरवलं, कोणाच्या मध्यस्थीची गरज नाही. सोमवारी सकाळी तो ओटीवर पाठ करून बसला होता, बूट घालत. मी मागे उभी राहिले आणि म्हटलं, "वाडी विकायची असेल तर माझ्या तोंडावर सांग. चोरासारखा गाडीत बसून व्यवहार करू नकोस. हे झाड न झाड मी वाढवलंय, तुलासुद्धा." मला माझा आवाज ऐकू येत नाही, पण घशाला कळतं मी किती मोठ्याने बोलले. सखुबाई विहिरीवरून धावत आली.

आणि तो वळलादेखील नाही. मान खाली घालून बुटाची नाडी बांधत राहिला. मग उठला, वळून माझ्याकडे बघून हसला, डबा घेतला आणि गेला. हसला, भाऊ. आईने इतकं बोलल्यावर.

त्या हसण्याचं मला काय झालं ते लिहून कळणार नाही. दिवसभर मी ओटीवर बसून होते. असं वाटलं, आता वाडी गेली काय आणि राहिली काय, मुलगा तर गेलाच.

तुझ्याकडे काही खरं असेल तर लिही. नसेल तर टपालाचा खर्च वाचव.

प्रमोदिनी

*

(कार्ड)

उरण, २ जानेवारी २०२५

प्रमे,

मी शब्द दिलाय. तो मोडणार नाही, तू सालांवरून कितीही बोल. पण माझं आधीचं पत्र फेकलं नसशील तर परत वाच. गाडीचं जे लिहिलंय तेवढंच वाच. आणि शिट्टी या गोष्टीबद्दल आपल्या घरात तुझ्याहून जास्त कोणाला कळतं, याचा विचार कर.

भाऊ

*

मुरूड, १२ जानेवारी २०२५

ती. भाऊ,

आज मायना लिहिला, बघ.

कार्ड आलं तेव्हा मी पोफळं सोलत होते. तुझं पत्र डब्यातून काढलं आणि परत वाचलं. "कुठली शिट्टी, मामा?" इथे आले आणि हातातलं पोफळ खाली पडलं. माझे कान गेले तेव्हा सगळ्यात आधी काय गेलं? तुम्ही सगळे म्हणायचात, तुझं लक्ष नसतं. लक्ष होतं. बोलणं ऐकू येत होतं, गडगडाट ऐकू येत होता, फक्त कुकरची शिट्टी ऐकू येत नव्हती. बारीक आणि उंच ते आधी जातं. मग पक्षी. मग बायका. शेवटी पुरुष.

मग एकेक करून सगळं समोर आलं. डाळ करपली तेव्हा त्याचं लक्ष होतं, कान नव्हता. सखुबाई म्हणत होती गाडी रडतेय, ती शिट्टीच होती. तिला ऐकू आली, तुला ऐकू आली, रोज त्या गाडीत बसणाऱ्या माझ्या पोराला आली नाही. आणि ओटीवर मी इतकी ओरडले तेव्हा तो पाठमोरा होता. त्याने माझं तोंड पाहिलंच नाही. वळला तेव्हा त्याला फक्त आई उभी दिसली, म्हणून हसला. भाऊ, मी ते हसणं काय काय समजून बसले होते. काखेत कळसा म्हणतात तो हा. सगळ्या गावात बहिरेपण ओळखायला माझ्याहून लायक माणूस नाही आणि ते माझ्या पोटच्या पोरात मला दिसलं नाही. मी खूप रडले. सखुबाई पाणी घेऊन आली, तिला मी सांगितलं डोळ्यात चुना गेला.

माड, पाड. मोल, बोल. मीठ, पीठ. तो कोणाशी बोलतच नव्हता. प, ब, भ, म, हे सगळे ओठांवर एकच दिसतात. आरसा स्वतःकडे वळवून तो शिकत होता. लहानपणी माझ्यावर खेळला तो खेळ आता स्वतःशी खेळत होता.

मी त्याला विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो डबा घेऊन गाडीकडे गेला तशी मी मागोमाग गेले आणि पलीकडचं दार उघडून शेजारच्या सीटवर बसले. इक्बालने टर्बो बदलून दिलाय. गाडी चालू होती. बसल्याबरोबर पायाला थरथर लागली. तो दचकला. म्हणाला, "काय गं, कुठे जायचंय?" मी हात लांब केला. आरसा धरून माझ्याकडे वळवला, त्यात त्याला माझे ओठ दिसतील असा. आणि आवाज न काढता म्हटलं, "मीठ."

तो आरशात बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "पीठ."

मी मान हलवली. मग पुन्हा आवाजाशिवाय म्हटलं, "आज आमटीत मीठ कमी पडलंय."

"मीठ," तो म्हणाला. "आमटीत मीठ." आणि स्टिअरिंगवर डोकं टेकवून असा रडला, जसा बाप गेला तेव्हाही रडला नव्हता. मी पाठीवरून हात फिरवत राहिले. थोड्या वेळाने डोकं वर केलं, माझ्याकडे तोंड केलं आणि म्हणाला, "तुला कळलं असतं तर तू म्हणाली असतीस, माझ्याकडून आलं. तू स्वतःला दोष देत बसली असतीस. म्हणून मामाला शपथ घातली." मी म्हटलं, "मी दोष दिला असताच. दिलाच आहे. पण कानांच्या बरोबर बाकीचंही माझ्याकडून आलंय ते घे." मग त्याला पहिला धडा सांगितला. शब्दाला झोंबायचं नाही. वाक्य पूर्ण होऊ द्यायचं. घाई केलीस तर मिठाचं पीठ होतं, आणि माझ्यासारखी घाई केलीस तर पोटचा मुलगा चोर होतो. तू गाडीबद्दल जे लिहिलं होतंस ना, चालू केल्या केल्या पळवू नये, आल्या आल्या बंद करू नये, तेच ओठ वाचायचं आहे. मी एवढी वर्षं दुसऱ्यांचं तोंड वाचते आणि माझ्या मुलाच्या बाबतीत दोन शब्दांवर गाडी पळवली.

मग विचारलं, सकाळी डोळे मिटून काय करतोस? म्हणाला, इंजिन ऐकतो. रोज किती उरलंय ते बघतो. मी त्याचा हात त्याच फळीवर ठेवला, त्यावर माझा ठेवला. म्हटलं, ऐकायचं कशाला, हाताने बघ. तापलेली असते तेव्हा थरथर वेगळी, निवली की बारीक होते. संध्याकाळी आता आम्ही दोघं तसे बसतो. हाताला बारीक लागली की तो चावी फिरवतो. चहा मी गाडीतच नेते.

पनवेलच्या कानाच्या डॉक्टरांनी म्हणे त्याला ऐकायचं मशीन घ्यायला सांगितलं होतं. हा शाळेतली मुलं हसतील म्हणून लांबवत होता. मी म्हटलं, माझं मशीन त्या काळचं, नुसती खरखर करायचं म्हणून डबीत पडलं. तुझ्या वेळी चांगली निघालीत. मुलं चार दिवस हसतील, पाचव्या दिवशी गणित चुकतील. मशीन घ्यायला तू त्याच्याबरोबर जायचंस. फितलास म्हटलं ते मागे घेते. सालांचं मागे घेत नाही.

वाडीचं मी काय ठरवलं ते त्याला सांगितलं. माझ्यामागे ती त्याचीच. त्याने विकली तर विको, राखली तर राखो. ज्या मुलाने मला दुखू नये म्हणून आपलं दुखणं काचेआड नेऊन ठेवलं, त्याच्यापासून मी माड राखत बसणार नाही.

भिंतींना कान असतात म्हणतात. आता या घरात फक्त त्यांनाच राहिलेत. सखुबाई डाळ शिजताना कुकरपाशी बसते आणि बोट वर करते, आम्ही दोघं तिच्या बोटाकडे बघत असतो. पुढच्या वेळी आलास की आमच्याशी पाठमोरा बोलू नकोस. ओटीवर दिव्याखाली बस आणि सावकाश बोल. आम्ही दोघं आहोत.

तुझी
प्रमोदिनी